डाव्या बुटातलं कातडं

"ताई, सायकल मला घ्यायचीय. तू कशाला येतेस?" बुटाची नाडी ओढत भाऊ म्हणाला; पण ताई पर्स काखोटीला मारून केव्हाचीच दारात उभी होती, आणि सहा वर्षांत दोघांमध्ये 'पान वाढलंय' एवढंच बोलणं उरल्यामुळे वाद घालण्याइतकीही जवळीक आता राहिली नव्हती... तो मुकाट्याने चालू लागला आणि ती मागून निघाली.

दुकानात मापं घेणाऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि तोही तसाच होता, लांब, सडपातळ आणि सरळ. स्टँडवर कसलेल्या रोड बाइकवर त्याने भावाला बसवलं, पेडल मारायला लावलं आणि मागून बघत राहिला. सीट वर केली तर डावा पाय पोचेना, खाली केली तर उजवा गुडघा पोटात शिरे. हँडल जवळ आणलं, अख्खी सायकल बदलली. भावाची कंबर आपली एका बाजूला कलतच होती.

"ही तिसरी," फूटपट्टी डोकं खाजवत म्हणाला. "आता मला माझ्या टेपचाच संशय यायला लागलाय."

भाऊ हसला नाही. "राहू द्या. सहा वर्षं कंबर दुखतेय. धड चालता येत नाही, तिथे सायकल काय मानवणार?"

सहा वर्षं... कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या ताईने मांडीवरची पर्स जवळ ओढली. त्या दुखण्याचं कारण अख्ख्या जगात तिला एकटीला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच सांगायला तोंडाला कुलूप होतं! आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची, हा पाच वर्षांचा. जाताना तिचा हात धरून आई म्हणाली होती, "याचा डावा पाय जरासा आखूड आहे, पण त्याला कधी कळू देऊ नकोस. पोर मनाने खचेल." तेव्हापासून रोज सकाळी पॉलिशच्या निमित्ताने ती त्याच्या डाव्या बुटात कातड्याचा तुकडा सारत आली, आधी एक पदर, तो वाढला तसे दोन. दोन स्थळं तिने हातची घालवली, कारण सासरी गेल्यावर ते बूट कोण बघणार? आणि सहा वर्षांपूर्वी ऑफिसात साहेब झाल्यावर त्याने सगळे जुने बूट उचलून फेकून दिले. "माझे बूट मी बघेन. माझ्यासाठी घरात बसून राहा, असं कुणी सांगितलं होतं तुला?"

त्या दिवसापासून तिने बुटांना हात लावला नाही. तो कंबर धरून खुर्चीतून उठायचा आणि ती बघत राहायची... शब्द मोडावा तर आईचा अपराध, पाळावा तर भावाचे हाल. इकडे आड, तिकडे विहीर.

भाऊ सायकलवरून उतरला आणि नकळत त्याचा हात कंबरेवर गेला. ताई उठली. पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने त्या फेकलेल्या बुटातलं दोन पदरी, काळं पडलेलं कातडं काढलं.

"हे त्याच्या डाव्या बुटाखाली लावून बघा."

फूटपट्टीने ते मोजलं. आठ मिलिमीटर. चिकटपट्टीने त्याने ते बुटाच्या तळाला चिकटवलं, आणि भावाने पेडल मारलं... कंबर जागची हलली नाही. पाना शोधण्याच्या मिषाने फूटपट्टी आत निघून गेला.

"हे तुझ्याकडे कसं?"

ताईने सांगितलं. आईचं, बुटांचं, रोजच्या सकाळचं... सांगताना तिला त्याच्याकडे बघवेना.

"आणि सहा वर्षं तू नुसती बघत होतीस?" भावाने विचारलं.

"आईला शब्द दिला होता रे. मी काय करणार होते?"

"मग ती स्थळं... ती तू..."

ताई पर्सची चेन लावत राहिली. त्याने हँडलवर डोकं टेकलं आणि त्याचे खांदे गदगदू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने खोलीचं दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी त्याचे ऑफिसचे बूट ठेवलेले. ती नवं कातडं आणि कात्री घेऊन खाली बसली, बुटाच्या मापाने तिने कातड्यावर रेघ आखली. पण संधिवाताने आखडलेला अंगठा कात्रीत शिरेना. दोनदा प्रयत्न करून तिने हात मांडीवर टाकले. तो येऊन समोर बसला, तिच्या हातातून त्याने कात्री घेतली आणि कापू लागला.

"दोन्ही स्थळं चांगली होती?" मान वर न करता त्याने विचारलं.

"एक चांगलं होतं," ताई म्हणाली. "रेघेच्या आतून काप."