आरशातला हात

त्या दिवशी सकाळपासून आभाळ मातकट होतं. वैशाखाचं ऊन पडलं होतं, पण जमिनीवर सावली धड उमटत नव्हती. बारा वाजता वारा पडला आणि पदमपुऱ्याच्या गल्लीत चिटपाखरू उरलं नाही. तापलेले पत्रे तेवढे मधूनच तडतडत होते.

सांडूआबानं जेवण उरकलं आणि खाटेखालची गिटारीची पेटी ओढली. नात श्रेया सुट्टीला पैठणहून आली होती. दहा वर्षांची पोर, आणि घरात आबासारखी डावरी ती एकटीच. जेवताना डावा हात पुढं आला की तिकडं बोलणी खायची. तिला आजपासून गिटार शिकवायची आणि सुट्टी संपली की देऊनच टाकायची, असं आबानं ठरवलं होतं.

शाळा त्यानं कधी पाहिली नाही. लासूर स्टेशनच्या बाजारात पोती उचलता उचलता तो शहरात आला आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवण्यात त्याचा जन्म गेला. वाजवायचा डाव्या हातानं. मूळचा डावरा, त्यात व्यंकटराव मास्तर शिकवायला समोर बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून. सांडूला वाटलं, समोर दिसतं तसंच करायचं असतं. मास्तरांच्या ध्यानात आलं तोवर महिना उलटला होता.

"अरे, तू तर माझ्या आरशातला निघालास," मास्तर हसून म्हणाले होते. "राहू दे आता."

पुढं मास्तरांना लकवा मारला. उजवा हात गेला. त्यांनी आपली गिटार सांडूच्या मांडीवर ठेवली आणि त्याचा डावा हात धरून म्हणाले, "हा माझाच हात आहे, आरशातला. तूर्त तुझ्याकडे राहू दे. मागेन तेव्हा द्यायचा."

आजारी माणसाचं मन कशाला मोडायचं? "व्हय मास्तर, मागाल तवा देतो," सांडू म्हणाला. त्या उन्हाळ्यातच मास्तर गेले. त्याला चाळीस वर्षं झाली.

सांडूनं गिटार उलटी धरली, तारा उलट्या क्रमानं चढवल्या आणि वाजवत राहिला. लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेली काळी चकती त्यामुळं वरच्या अंगाला गेली आणि खालचं उघडं लाकूड त्याच्या बोटांनी झिजून पिठासारखं पांढरं पडलं. चकतीला मात्र चाळीस वर्षांत कुणाचं बोट लागलं नव्हतं.

आबानं पेटी उघडली. आतून लवंगेचा वास आला. मास्तरांच्या दाढेखाली कायम लवंग असायची.

तारा फिरल्या होत्या. त्याच जुन्या तारा, तेच गंजाचे ठिपके, पण जाडीच्या जागी बारीक आणि बारकीच्या जागी जाड. उजव्या हाताच्या माणसाला लागतात तशा. काळी चकती लख्ख पुसलेली, आणि तिच्यावर ताजे ओरखडे.

"श्रेया, पेटीला हात लावला का गं?"

"नाय आबा. मला तिचा खटका कुठं निघतो..."

आबानं सहाही तारा सोडल्या आणि पुन्हा आपल्या रीतीनं चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली, तर तारा फिरलेल्या. लवंगेचा वास आता खोलीभर होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबाचा डोळा लागला होता. टक... टक. गिटारीच्या पोटावर दोन टिचक्या. वाजवायच्या आधी मास्तर द्यायचे तशा. आबानं डोळे उघडले. पेटी बंद. श्रेया पेटीला टेकून बसली होती आणि डाव्या हाताची बोटं चोळत होती.

"आबा, या हाताला मुंग्या येतात. करंगळी हाय का नाय ते कळतच नाय मला... परवापसून."

आबाला उमगलं. मागणं आलं होतं, आणि ते चुकीच्या दारात उभं होतं.

त्यानं श्रेयाला शेजारच्या दगडाबाईकडं पाठवलं. दार लावलं. एक खुर्ची मांडली आणि तिच्यासमोर आपली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. गिटारीच्या तारा फिरल्या होत्या तशाच ठेवल्या. जन्मात पहिल्यांदा त्यानं ती सुलटी धरली.

"मास्तर," तो हळू बोलला, "पोरीचा नका घेऊ. बोल माझा होता... हा घ्या."

उजव्या हातानं त्यानं तारा छेडल्या. सूर वेडावाकडा निघाला. समोरच्या खुर्चीची वेताची पाठ दबली, कुणी रेलावं तशी. गुडघ्याला गारवा लागला. मग डाव्या हातातून कुणी सावकाश मोजा काढावा तसं काहीतरी निघून गेलं. आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. दुखलं नाही. हात तारांवरून घसरला आणि मांडीवर पडला, परक्याचा असावा तसा.

तेवढ्यात बाहेरून श्रेयाची हाक आली. "आबा, मुंग्या गेल्या!" आबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मन निवांत होतं.

सकाळी श्रेयाला दगडाबाईकडं ठेवून तो रिक्षा करून घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी हात टोचून पाहिला, फोटो काढले, आणि कारण काही सापडत नाही म्हणाले. आबाला कारण नकोच होतं. दिवस कलताना तो परतला, तेव्हा दगडाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. श्रेया आत झोपली होती.

"पोरीनं तरास दिला का, बाई?"

"तरास कसला, सांडूभाऊ. तुमच्यापरीस गुणाची हाय." दगडाबाई हसली. "दुपारी पाणी प्यायला म्हणून तुमच्या घरात गेली, ती लई येळ आलीच नाय. मी बघाया गेले, तर गिटार घेऊन बसलेली, अन् समोर रिकामी खुर्ची. चांगली वाजवत होती की. पर मला एक सांगा भाऊ, ही पोर डावरी ना? मग उजव्या हातानं कशी वाजवत होती?"

आबानं दारातून आत झोपलेल्या श्रेयाकडं पाहिलं.

"अन् हे मास्तर कोण, भाऊ? मधीच थांबली, खुर्चीकडं बघून मान हलवली, अन् म्हणाली... 'व्हय मास्तर, मागाल तवा देते.'"