भुरी मागच्यासाठी थांबते

पटत नसेल तर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मामाच्या बाबतीत घडलं. मागच्या ऑक्टोबरातला रविवार, दुपारचे साडेचार, धबधब्याची पायवाट. जेमतेम अर्ध्या तासाची चढण.

मामा शाळेची बस चालवतो. मामी गेल्यापासून घरात तो आणि भुरी, त्याची कुत्री. तिच्यात त्याचा जीव अडकलेला. ती आहे म्हणून मी घरी जातो, असं तो सरळ सांगतो.

भुरीची एक खोड होती. चार माणसं फिरायला निघाली की ही प्रत्येक वळणावर थांबणार. शेवटचा माणूस येईपर्यंत पाऊल उचलणार नाही. मामाही शेवटचं पोर जागेवर बसल्याशिवाय बस हलवत नाही. जसा मालक तशी कुत्री, असं आम्ही चिडवायचो.

त्या दिवशी मात्र दोघंच होते.

धबधबा बघून ते उतरायला लागले. पहिल्या वळणावर भुरी थांबली. मामा तिला ओलांडून पुढे गेला...

ती हलली नाही. मागे बघत बसली.

मागे कुणीच नव्हतं.

मामाने पट्टा ओढला, बिस्किट दाखवलं, डोळे वटारले. भुरी ढिम्म. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, पाखरं गप्प झाली आहेत. आणि पाणीही... धबधबा हाकेच्या अंतरावर, पण कानावर काहीच नाही.

मग वर कुठेतरी एक दगड घरंगळला.

कुणी मागे राहिलं असेल म्हणून मामाने हाक मारली. उत्तर नाही. ऊन उतरत चाललेलं, भुरी हटून बसलेली. मामा वैतागला. खरं तर घाबरला, आणि ते लपवायला थट्टेने म्हणाला,

"या हो पाहुणे, या लवकर. आमची बाई तुमच्यासाठी खोळंबलीये."

भुरीचं शेपूट हललं.

तिची नजर वाटेवरून हळूहळू खाली आली... मामापर्यंत आली... आणि त्याच्या खांद्याजवळून पुढे गेली.

मग ती उठली आणि खुशाल चालू लागली. नंतर एकाही वळणावर थांबली नाही.

घरी मामाने दार उघडलं. तो आत गेला. भुरी उंबऱ्याबाहेर जराशी थांबली, बाजूला सरली, आणि मग आत आली.

त्याला आता वर्ष होईल. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ती तासन्‌तास बसते, मान वर करून. खुर्चीची गादी कधीकधी ओली लागते.

मी मामाला म्हटलं, बोलावलंस तसं जा म्हणूनही सांग. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"सांगितलं असतं गं. पण ते उठून निघालं, तर भुरी त्याला एकटं जाऊ देईल का?"

तेव्हापासून मी त्याच्याकडे गेलेले नाही. फोन करते. मागून भुरीचं भुंकणं ऐकू आलं, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.