कालचं पापलेट

लिफ्टचं दार बंद होता होता एक हात मध्ये आला, हातामागून थर्माकोलचा खोका आला, आणि खोक्यामागून ती आली. सुयोगच्या हातातला चहाचा ग्लास कलंडता कलंडता राहिला. मरोळच्या त्या कळकट लिफ्टमध्ये त्याला आजवर फक्त कुरियरवाले आणि पेंगुळलेले अकाउंटंट भेटले होते. अशी… म्हणजे अशी कोणी कधीच नाही.

"'टोपली'चं ऑफिस कितव्या मजल्यावर?" तिने विचारलं.

"चौथ्या. मीपण तिथेच चाललोय."

"बरं झालं. तिकडे एक माणूस आहे म्हणे, कोणाचे मासे आजचे आणि कोणाचे कालचे ते ठरवणारा. ओळखता?"

आता पंचाईत अशी, की तो माणूस म्हणजे खुद्द सुयोगच! 'टोपली' हे कोळणींचे मासे घरपोच देणारं अ‍ॅप. कोळणीने फोनवर माशांची नोंद केली, की तिच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'आजचं' उमटायचं, नाहीतर लाल अक्षरांत 'कालचं'. हा हिरव्या-लालचा खेळ सुयोगने लिहिलेला. पण मुलगी संतापलेली होती, खोक्यात कोयताही असू शकत होता, आणि तिचे डोळे… जाऊ द्या. सुयोगने सरळ थाप मारली.

"तोंडओळख आहे. मुलगा तसा सज्जन आहे."

"सज्जन? माझ्या आईचं ताजं म्हावरं आठवडाभर कालचं म्हणून दाखवतोय मेला!"

"दिसायलाही बरा आहे," सुयोग म्हणाला. हे तो का म्हणाला, देव जाणे.

चौथा मजला आला. दारातच निमेश उभा. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या या मित्राला वेळ साधता येते ती अशी. "सुयोग, आलास! यार, तुझ्या त्या कालचं-आजचंवर परत तक्रार आलीये. वाट लागली बघ!"

तिने सुयोगकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोंडओळख?"

"रोज… आरशात," सुयोग पुटपुटला.

त्या क्षणी 'ओळखता'चं 'तू' झालं. खोका टेबलावर आदळला, झाकण निघालं, आणि आत बर्फावर पापलेटं चांदीसारखी चमकत होती. "मी कल्पिता. मढच्या मंजुळाबाईंची मुलगी. मालाडला चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, तुझेही तपासून देईन. बघ, हे शिळं वाटतं तुला?"

सुयोगला काय वाटणार, कपाळ! घरात सात पिढ्या वरण-भात-तूप. पापलेट आणि बांगडा यांतला फरक त्याला फोटोखालचं नाव वाचून कळायचा. त्याने लॅपटॉप उघडला, खोटी नोंद करून पाहिली. हिरवं. पुन्हा केली. पुन्हा हिरवं.

"अगं, बरोबर चालतंय."

"म्हणजे माझी आई खोटं बोलते?"

"मी तसं नाही—"

"आठवडाभर कालचंच दिसलं की शनिवारी तिचं नाव अ‍ॅपवरून आपोआप उडणार. हा नियम कोणाचा?"

तोही सुयोगचाच.

"सगळ्या कोळीवाड्यात बोभाटा झालाय, मंजुळा शिळं विकते म्हणून. जन्मात कधी शिळं विकलं नाही तिने, आणि आता बाजारात मान वर करून बसवत नाही तिला." तिचा आवाज जरा ओला झाला. "तू ये आमच्याकडे. उद्याच. पहाटे. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"पहाटे म्हणजे… आठला?"

"चारला."

सुयोग मुलुंडचा. त्याच्या आईने, शुभाताईंनी, मुलगा अंधारात शर्टाला इस्त्री करताना पाहिला आणि कपाळाला हात लावला. "कोण आहे रे ती?" "आई, सर्व्हरचं काम आहे." "सर्व्हरला इस्त्री लागते होय?" त्याने स्कूटर काढली. आरे कॉलनीतून जाताना बिबट्याची पाटी दिसली आणि तो आठवतील तेवढी स्तोत्रं म्हणत सुटला. मढच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत अर्धं रामरक्षास्तोत्र उरलं होतं.

किनाऱ्यावर दिवे, आरडाओरडा, ओल्या जाळ्यांचा वास. होडी लागली होती. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, शेजारी कल्पिता.

"ह्योच काय गो तो?"

"हाच."

"पोरा, म्हावरं खातंस का?"

"नाही… आम्ही शाकाहारी."

"खात नाय, नि माजं शिलं ठरवतंय!" मंजुळाबाईंनी हे इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की आजूबाजूच्या चार होड्यांवर हशा उसळला. सुयोगचे कान तापले. कल्पिताने हसू लपवायला पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली… आणि त्याला वाटलं, झालं तेवढं हसं वसूल झालं.

मंजुळाबाईंची रीत अशी, की होडीतून टोपली वाळूवर आली की तिथल्या तिथे नोंद. बाकीच्या कोळणी बाजारात जाऊन, उजाडल्यावर, निवांत बसून नोंद करत. बाईंनी बटण दाबलं. त्याच वेळी टोपलीतल्या एका पापलेटाने उसळी मारून शेपटी सुयोगच्या इस्त्रीच्या शर्टावर आपटली. मासा जिवंत! आणि फोनवर लाल अक्षरं: कालचं.

सुयोग शर्टाकडे बघत राहिला. मग घड्याळाकडे. मग त्याने स्वतःच्याच डोक्यात टपली मारली.

"कल्पिता, मी गाढव आहे."

"ते कळलं. पुढे?"

पालथ्या घातलेल्या होडीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला. ती शेजारी बसली, वाकून बघू लागली. तिच्या केसांना खारा वास होता, त्यामुळे त्याची पहिली दोन वाक्यं चुकली.

"हे बघ. डेटाबेस म्हणजे नोंदींचं कोठार. त्याची भाषा वेगळी, म्हणून मध्ये ओआरएम नावाचा एक मध्यस्थ असतो. मी त्याला एका ओळीत सांगतो, आजच्या तारखेच्या नोंदी दे. तो तिकडे नीट शब्दांत विचारून आणतो."

"लग्न जमवणाऱ्या काकूंसारखा?"

"अगदी! फक्त आमच्या काकूंचं घड्याळ लंडनच्या जुन्या वेळेवर. आपल्या साडेपाच तास मागे. आत्ता इथे आज उजाडतोय, पण त्यांच्याकडे अजून कालची रात्र आहे. मी 'आज' म्हणालो, पण कोणाचा आज ते सांगितलंच नाही. आणि मी तपासायचो दुपारी, चहा पिऊन. तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच."

"म्हणजे सगळ्यात आधी नोंद करते म्हणून माझ्या आईचं शिळं?"

"हो. चूक पूर्णपणे माझी."

तिला भांडायचं होतं, पण समोरचा इतक्या सरळपणे हरल्यावर भांडणार कोणाशी? तिने नुसतं ओढणीने त्याच्या शर्टावरचे खवले झटकले. त्याने ओळ बदलली: आपल्या घड्याळाच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत, मधल्या सगळ्या नोंदी दे. जुन्या नोंदींवरचा लाल शिक्काही पुसला.

मंजुळाबाईंनी फोन पाहिला. हिरवं. त्यांनी तो सगळ्या किनाऱ्याला फिरवून दाखवला, वाचता न येणाऱ्यांनाही, आणि सुयोगला दोन पापलेटं बक्षीस दिली. ती स्कूटरला लटकवून घरी नेण्याच्या विचारानेच त्याची पाचावर धारण बसली. शेवटी ती निमेशच्या घरी पोचली.

काम संपलं. पण दुसऱ्या पहाटे सुयोग पुन्हा हजर. "टेस्टिंग," तो म्हणाला. तिसऱ्या पहाटेही टेस्टिंग. मग रोजच. शनिवार आला नि गेला, मंजुळाबाईंचं नाव जागच्या जागी राहिलं, तरी याचं टेस्टिंग संपेना.

"बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, परत येतो कधी कधी," तो गंभीरपणे म्हणाला.

"बग येतो की तू येतोस?"

आता सुयोगजवळ मध्यस्थ नव्हता, आरेतली स्तोत्रंही आठवेनात. "मला तू… म्हणजे लिफ्टमध्ये तुझा हात मध्ये आला ना, तेव्हापासून… मला तू फार आवडतेस."

कल्पिता लाटांकडे बघत होती. "लिफ्टमधलं? मग हे कालचंच झालं."

"नाही गं. इथे आलो की रोज नवीन होतं."

तिने आईचा फोन घेतला, काहीतरी टाइप केलं आणि त्याच्यापुढे धरला. मंजुळाबाईंच्या नावाखाली नवी नोंद: 'सुयोग. एक नग.' शेजारी हिरव्या अक्षरांत, आजचं.

तेवढ्यात फोन वाजला. नोंद खरोखरच अ‍ॅपवर गेली होती! बोरिवलीच्या कोण्या वनमालाबाईंची ऑर्डर: 'चालेल. साफ करून पाठवा.'

"अगं, काढ ते, काढ!" सुयोग ओरडला.

"थांब ना, गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला नको?" कल्पिताने एका हाताने त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं: 'माफ करा ताई, हा माल आताच गेला. घरातच ठेवलाय.'