एक देश सोडून

निर्वासितांना पासपोर्टऐवजी मिळणारी प्रवासाची पुस्तिका हातात पडली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुविमल चाकमाने ती सगळ्या कारखान्याला दाखवली. कोरियातल्या गिम्पोच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी बनत, आणि चौकटी कापणाऱ्यांत निम्मे त्याच्याच चितगावच्या डोंगरातून पळून आलेले होते. हात पुसल्याशिवाय तो कुणालाही पुस्तिकेला शिवू देईना.

शेजारच्या यंत्रावरच्या पोलेनने किमचीचा डबा बाजूला सारला आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं, "सर्व देशांसाठी ग्राह्य. बांगलादेश सोडून."

"वाचलं ना? आण इकडे."

"थांब की! म्हणजे बघ, फ्रान्स तुझा, ब्राझील तुझा. आईचा ओटा तेवढा तुझा नाही."

सगळे हसले. सुविमलही हसला. या विषयावर हसायचं नाही तर काय करायचं, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

नियम तसा सरळ होता. परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या बाईंनी तो त्याला शांतपणे समजावून सांगितला होता. ज्या देशात आपल्या जिवाला धोका आहे असं सांगून तुम्ही इथे आसरा मागितलात, तिथे स्वतःच्या पायांनी परत गेलात तर तुम्हाला आता भीती उरली नाही असं आम्ही धरू. भीती नाही तर आसरा नाही. आणि तुमच्या नावावर आसरा मिळालेल्या बायकोमुलांनाही नाही. यात खोट काढायला जागा नव्हती. गावची जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध सुविमलने साक्ष दिली होती, त्यानंतर त्याचा भाऊ मारला गेला आणि त्याला रातोरात निघावं लागलं. भीती खरीच होती. पण आईही खरी होती, आणि ती थकली होती.

त्यांच्यातलाच एक जण बापाच्या चितेसाठी चोरून डोंगर ओलांडून गेला होता. त्याचा आसरा काढून घेतला हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं नाव आता कुणी काढत नसे.

सुविमलने म्हणून दुसरी वाट काढली. फेनी नदी. अलीकडे भारताचं साब्रूम, पलीकडे त्याचा देश आणि टेकडीमागे त्याचं गाव. भारताचा व्हिसा नाना खटपटींनी मिळाला. फूल बिजूच्या, त्यांच्या नववर्षाच्या सणाच्या, सकाळी दोन्ही काठांवरचे लोक नदीला फुलं वाहायला येतात. बहीण कालाबी आईला पलीकडच्या काठावर आणून बसवणार, तो अलीकडे उभा राहणार. बघणं तर होईल.

त्याची बायको रिपना म्हणाली, "चिजीबाप, पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. घे चिजीची शपथ."

"गुडघाभर पाणी असतं गं एप्रिलात."

"म्हणूनच म्हणते. खोल असतं तर मला भीती नव्हती."

त्याने झोपलेल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

त्याच आठवड्यात एका सकाळी रिपना दारातूनच ओरडली. चपला काढायच्या जागेवर त्याच्या रबरी सपाता ओल्या होत्या आणि तळव्यांना बोटभर चिखल लागला होता.

"कुठं भटकून आलास? आत्ताच पुसलं होतं मी."

"मी तर आत्ता उठतोय."

बाहेर बर्फ वितळून रस्ते राखाडी झाले होते. हा चिखल तांबडा होता. सुविमलने सपाता नळाखाली धरल्या, तेव्हा चिखलाचा ओळखीचा वास आला. पाऊस पडून गेल्यावर त्यांच्या ओट्यापुढच्या उतारावर हाच वास सुटायचा. त्याने सपाता घासून धुतल्या आणि रिपनाला काही सांगितलं नाही.

रविवारी आईचा फोन आला. बांबूच्या हुक्क्याची गुडगुड आधी ऐकू आली, मग आवाज.

"काल आलास, ओट्यावर बसलास आणि मी पान वाढेपर्यंत उठून गेलास. असं करतात का रे? उपाशी माणूस दारातून जातो का कधी?"

"मा, मी कुठं आलो? मी कोरियात आहे."

"हो, हो. तिथंच असतोस तू."

कालाबीने फोन घेतला. "दा, मनाला लावून घेऊ नकोस. तिला आता दिवस-रात्र कळत नाही." मग ती म्हणाली, "पण ओट्याकडे बघून कुत्रं शेपूट हलवत होतं. भुंकलं नाही."

बिजूच्या आदल्या दिवशी तो साब्रूमला पोचला. त्याचा मावसभाऊ जगदीप तिथेच राहायचा. सकाळी दोघे घाटावर गेले. कुंपणाचं फाटक फुलं वाहण्यापुरतं उघडलं होतं आणि शिपाई जांभया देत उभे होते. बायका पानांवर फुलं ठेवून पाण्यात सोडत होत्या. नदी इतकी अरुंद, की पलीकडच्या पोरांची भांडणं शब्दन्‌शब्द ऐकू येत होती.

कालाबीने आईला पाठीवरून आणलं आणि लाकडी पाटावर बसवलं. केवढीशी झाली होती ती! सुविमलला वाटलं होतं की आपण हाका मारू, पण तो नुसता हात हलवत राहिला.

"मा, बघ, दा आलाय. तो बघ समोर," कालाबी म्हणाली.

आईने डोळ्यांवर हात धरला. "मग तिकडं काय करतोय?"

"त्याला येता येत नाही, मा."

"का? पाणी तर एवढंसं आहे." तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात आपटून दाखवलं. "ए पोरा! ये की! कळशी आणून ठेवलीय बघ."

बिजूला धाकट्यांनी नदीचं पाणी आणून म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं आणि आशीर्वाद घ्यायचा, ही त्यांची रीत. बारा बिजू तिने कालाबीकडून डोक्यावर पाणी घेतलं नव्हतं. थोरला घालेल म्हणायची. कळशी तिच्या पायाशी भरून ठेवलेली होती.

सुविमल वाळूच्या कडेला उभा होता. पाणी त्याच्या बुटांपासून हातभर लांब. त्याने एक पाऊल उचललं. चिजीचं मऊ, घामेजलं डोकं त्याच्या तळव्याला आठवलं. त्याने पाऊल मागे घेतलं, आणि त्या क्षणी स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती.

"मा, मला नाही येता येत!" तो ओरडला.

आईने मान खाली घातली.

त्याला ते बघवेना. त्याने तोंड फिरवलं आणि पाण्यावरून वाहत जाणारी फुलं बघत राहिला. पुन्हा मान वर केली तेव्हा आईच्या पुढ्यात, जरा कडेला कुणीतरी उभं होतं.

निळ्या सदऱ्यातला माणूस, त्याच्याकडे पाठ केलेला. तो कळशी उचलून तिच्या डोक्यावर हळूहळू पाणी घालत होता. दुसऱ्या हाताने तिचे केस मोकळे करत होता. आई डोळे मिटून हसत होती. कालाबी दोन पावलं मागे सरकली होती आणि तिने पदर तोंडात धरला होता.

"तो कोण?" सुविमलने विचारलं. "कालाबीचा नवरा?"

"तिचा नवरा चितगावला असतो," जगदीप म्हणाला. तो पलीकडे बघत होता, मग त्याने सुविमलच्या अंगावरच्या निळ्या सदऱ्याकडे बघितलं. "चल दा. उन्हं चढली."

आपली पाठ आपण कधी पाहिलेली नसते. सुविमल ती ओळखू शकला नाही.

तो गिम्पोला परतला. विमानतळावर पुस्तिका तपासून त्याला सुखरूप आत घेतलं. रिपनाने बूट उलटे करून तळवे बघितले, कोरडे होते, तेव्हा कुठे ती त्याच्या गळ्यात पडली.

मंगळवारी आई गेली. बुधवारी त्यांच्यात चिता पेटवत नाहीत, म्हणून गुरुवारी दहन ठरलं. गुरुवारी दिवसभर सुविमल यंत्रावर उभा राहून चौकटी कापत होता. घरी बसला असता तर वेड लागलं असतं. पोलेन मुकाट्याने त्याच्या वाटणीचं ओझं उचलत होता.

संध्याकाळी कालाबीचा फोन आला.

"दा, ती सुखाने गेली. बिजूच्या दिवशी तू नदी ओलांडून आलास ना, त्यातच तिला सगळं मिळालं."

"कालाबी, मी आलो नाही."

"असं काय बोलतोस? अग्नीसुद्धा तूच दिलास आज. सगळ्या गावाने बघितलं." तिचा आवाज खाली आला. "तू अजून ओट्यावर बसलायस, दा. काही खात नाहीस. जा म्हटलं तर जात नाहीस. आणि फोनवर तूच बोलतोयस. मला फार भीती वाटते."

पुढच्या आठवड्यात कचेरीतून बोलावणं आलं. त्याच बाई, तेच शांत बोलणं. कुणीतरी त्यांना एक फोटो पाठवला होता. चितेपुढे हातात मशाल घेतलेला सुविमल. निळा सदरा, विजार गुडघ्यापर्यंत ओली. तोंड स्पष्ट, रडून सुजलेलं.

बाईंनी फोटो त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही त्या दिवशी कारखान्यात हजर होता, आम्ही खात्री केली आहे. म्हणजे हा दुसरा कुणी असणार. माणसासारखी माणसं असतात." त्या खरोखरच भल्या होत्या. "फक्त एवढं लिहून द्या, की हा तुम्ही नाही. मग तुमचा, बायकोचा, मुलीचा प्रश्न मिटला."

सुविमल फोटोकडे बघत राहिला. त्या माणसाने आईला न्हाऊ घातलं होतं. त्याने तिला अग्नी दिला होता. सुविमलच्या आयुष्यात करण्यासारखी जी दोन कामं उरली होती ती त्याने केली होती, आणि आता त्यालाच ओळखत नाही म्हणायचं होतं.

"लिहिता ना?" बाईंनी विचारलं.

त्याने लिहिलं. हा मी नाही. खाली सही केली. सही करताना हात जड झाला, आणि मग एकदम फार हलका.

बसमध्ये असताना कालाबीचा फोन आला.

"दा, आता बरं वाटतं मला. ओटा रिकामा आहे. दुपारी तू उठून गेलास."

"कुठं?"

"विचारलं मी. म्हणालास, घरी. चिजी वाट बघत असेल."

बस थांबल्यावर तो धावत सुटला. जिना चढला. दाराच्या आकड्यांच्या कुलपावर त्याने आपला आकडा दाबला. कुलूप उघडलं नाही. पुन्हा दाबला. मग दार ठोठावलं.

आत चिजी खिदळत होती. एक पुरुषी आवाज तिला गोष्ट सांगत होता, हुक्का ओढणाऱ्या आजीची आणि न भुंकणाऱ्या कुत्र्याची. ती गोष्ट सुविमलने अजून तिला सांगितली नव्हती.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून खालच्या फरशीवर रबरी सपाता दिसल्या. तांबड्या चिखलाने भरलेल्या, ओल्या.

रिपनाने त्याच्याकडे बघितलं, आणि अनोळखी माणसाशी बोलतात त्या अदबीच्या कोरियनमध्ये विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"