तिसरा थर

दोनशे चाळीस लाकडी खवले, एक भिंत आणि हालचाल शून्य. सोमवारी सकाळी नऊ वाजता, पुण्याच्या ‘उद्याची घरं’ या प्रदर्शनात हा हिशेब पक्का झाला होता.

साल होतं २०६३. भिंतीची रचना निशिगंधा तळेकरची. तिच्या भिंतीला ना वीज लागणार होती, ना मोटार. हवा कोरडी झाली की माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी पट्ट्या आपोआप वळून उघडतील आणि वारा आत येईल. पावसाळी दमट हवेत त्या मिटतील. या पट्ट्या केल्या होत्या कुडाळच्या विश्राम मेस्त्रींनी. चाळीस वर्षं प्लायवूड करणारा हा माणूस. आपल्या कारखान्यातून वाकडी फळी कधी बाहेर पडली नाही, हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत.

यंत्राने तासभर कोरडी हवा सोडली, पण एकही खवला हलला नाही. उद्या दुपारी बारा वाजता परीक्षक येणार होते. तोवर भिंत उघडली नाही, तर ही जागा शेजारच्या मोटारवाल्या भिंतीला मिळणार होती. शेजारचे लोक सकाळपासून दोनदा, अगदी सहज म्हणून, जागेची लांबी मोजून गेले होते.

“लाकूड ओलं असेल,” निशिगंधा म्हणाली.

“हवेचं यंत्र बिघडलं असेल,” मेस्त्री म्हणाले.

आपापलं काम वगळून बाकी सगळ्यावर दोघांचा संशय घेऊन झाला. मध्ये उभा असलेला नोंदी ठेवणारा यंत्रमानव, टिपणीस, सगळं टिपून घेत होता.

“आर्द्रता (हवेत मिसळलेली पाण्याची वाफ) तीस टक्के,” तो म्हणाला. “लाकूड कोरडं. यंत्र ठीक. आतापर्यंतच्या तक्रारी सात.”

“याला कोणी विचारलं?” मेस्त्री म्हणाले.

“आठ.”

मेस्त्रींची अकरा वर्षांची नात शलाका सुट्टीत आजोबांबरोबर आली होती. ती एक सुटा खवला डोळ्यांजवळ धरून त्याची कड पाहत होती.

“आबा, ताईंच्या कागदावर दोन थर आहेत. याला तीन दिसतात.”

“दिसणारच,” मेस्त्री समाधानाने म्हणाले. “तिसरा मी घातला. दोन थरांची फळी वाकते गो बाय. म्हटलं, मुलगी नवीन आहे, विसरली असेल. गुपचूप सुधारून दिलं, वर एक शब्द बोललो नाही.”

निशिगंधा जवळच्या खोक्यावर बसली. “काका, ती वाकायलाच हवी होती.”

“मग तसं लिहायचं.”

“दोन थर, असं स्पष्ट लिहिलं होतं.”

“काय करायचं ते लिहिलंस. कशासाठी करायचं ते कुठे लिहिलंस?”

निशिगंधाने कागद उलटसुलट केला. ते कुठेच नव्हतं.

“चूक निम्मी-निम्मी,” टिपणीस म्हणाला. या वेळी त्याला कोणी गप्प केलं नाही.

“पण तिसऱ्या थराने एवढं काय बिघडतं?” शलाकाने विचारलं.

“लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समज,” मेस्त्री म्हणाले. “या नळ्या म्हणजे लाकडाचे तंतू (धाग्यांसारखे लांब भाग). दमट हवेत ते पाणी पितात आणि जाड होतात. लांब मात्र जवळजवळ होत नाहीत. हवा सुकली की पुन्हा बारीक.”

निशिगंधाने खवला हातात घेतला. “आता बघ. बाहेरच्या थराचे तंतू मी आडवे ठेवले, आतल्याचे उभे. हवा सुकली की आडवे तंतू बारीक होतात. म्हणजे बाहेरचा थर वरून खाली किती असेल?”

“कमी. आखडेल.”

“आणि आतला?”

“त्याची लांबी तेवढीच.” शलाका थांबली. “पण दोघं चिकटलेले आहेत. मग आखडलेला थर दुसऱ्याला आपल्याकडे ओढेल. पट्टी बाहेर वळेल! आमच्याकडे सुरूची बोंडं अशीच उन्हात उघडतात, पाण्यात टाकली की मिटतात.”

“तेच. आणि तुझ्या आबांनी आतल्या बाजूनेही आडव्या तंतूंचा थर लावला.”

“मग तोही तेवढाच ओढणार. एक पुढे, एक मागे. रस्सीखेच बरोबरीत.”

“म्हणून तर प्लायवूड सपाट राहतं,” मेस्त्री म्हणाले. सवयीने त्यांचा आवाज चढला होता. तो त्यांनी खाली आणला.

प्रदर्शनाच्या कार्यशाळेत घासणीयंत्र होतं. मेस्त्रींनी एका खवल्याचा तिसरा थर घासून काढला आणि खवला कोरड्या हवेत धरला. पाच मिनिटं काही नाही. दहाव्या मिनिटाला कड उचलली गेली आणि खवला सावकाश बाहेर वळला.

मेस्त्री त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चाळीस वर्षं ज्याला ते दोष म्हणत आले, तो इतका डौलदार असेल असं त्यांना वाटलं नसावं.

“एकाला दोन मिनिटं,” टिपणीसने हिशेब मांडला. “एकूण आठ तास. संध्याकाळी सहापर्यंत होईल. जेवण धरलेलं नाही.”

“जेवण धर,” मेस्त्री म्हणाले. “उपाशी माणूस जास्त घासतो.”

ते घासत होते, निशिगंधा जाडी मोजत होती, शलाका क्रमांक घालत होती. किती जाडीला खवला जास्त वळतो हे मेस्त्रींना तिसाव्या खवल्यालाच बोटांनी कळू लागलं. मग निशिगंधाने मोजपट्टी बाजूला ठेवली आणि त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवला.

मंगळवारी बारा वाजता परीक्षक आले. कोरडी हवा सुटली. आधी वरची रांग उचलली गेली, मग खालची, आणि काही मिनिटांत सगळी भिंत फुलून तिच्यातून उजेड आत आला.

“मोटार कुठे लपवली आहे?” एका परीक्षकांनी वाकून पाहत विचारलं.

“लाकडातच आहे,” शलाका म्हणाली आणि तंतूंपासून सगळं समजावू लागली. मागे आजोबा हाताची घडी घालून उभे होते. नात मध्ये कुठे अडली असती तर सांगायला. पण ती अडली नाही, याचंच त्यांना फार बरं वाटत होतं.

आठवड्याभरात देवगडच्या एका शाळेला तशीच भिंत हवी झाली. निशिगंधाने नवा कागद घेतला. आकृती काढण्याआधी वर लिहिलं: ‘ही भिंत कशासाठी: वर्गात वारा यावा, पाऊस येऊ नये, वीज लागू नये.’ खालचा अर्धा कागद कोरा ठेवला आणि तो कुडाळला पाठवला.

मेस्त्रींनी चष्मा मागवला, शलाकाला शेजारी बसवलं आणि कोऱ्या भागात पहिली हरकत लिहिली: ‘समुद्राकडून पाऊस आडवा येतो. त्या बाजूचे खवले लहान घ्या.’

चार दिवसांनी कागद परत आला. हरकतीखाली निशिगंधाने लिहिलं होतं: ‘मान्य. आणखी काय?’