मागच्या स्टिकवरचा हात

मी मोजमापाचं काम करणारी बाई आहे. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. पण हे मोजलेलं आहे, माझ्या हातांनी. म्हणून सांगते. पटलं तर पटलं.

गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. लख्ख ऊन, वारा अजिबात नाही.

तेव्हा आम्ही वैमानिकांना शिकवण्यासाठी दोन सीटचं एक छोटं विमान तयार करत होतो. बनून झालेलं एकच होतं, चाचणीचं. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. दोघांपुढे विमान वळवायची एकेक स्टिक, आणि दोन्ही खालून एकाच दांड्याने जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलणारच. त्यामुळे नुसत्या हालचालीवरून विमान कोण चालवतंय ते कळत नाही. म्हणून मी दोन्ही मुठींत हाताचा दाब मोजणारे सेन्सर बसवले होते.

हात असला की रेघ वर. हात नसला की शून्य.

माझं काम विमान उतरल्यावर सुरू व्हायचं. हँगरच्या टोकाला एक खोली, दोन पडदे, एक खुर्ची. आधी दोन खुर्च्या होत्या. दुसरी माझ्या नवऱ्याची. तो याच विमानात मागे बसायचा. त्रेसष्ट उड्डाणं केली. मग आजारी पडला आणि पाच महिन्यांत गेला. ती खुर्ची कुणीतरी कँटीनमध्ये नेली. मी परत मागितली नाही.

पुढे बसायचा तो माझा धाकटा दीर. आता तो एकटाच उडत होता. समतोल राहावा म्हणून मागच्या सीटवर शिशाच्या पिशव्या पट्ट्यांनी बांधायचे.

"वहिनी, दादापेक्षा पिशव्या बऱ्या," तो म्हणायचा. "चुका तरी काढत नाहीत."

त्या गुरुवारी मी हेडफोन लावून नुकत्याच झालेल्या उड्डाणाचं रेकॉर्डिंग ऐकत होते. इंजिनाची घरघर. मधूनच दिराचं बेसूर गुणगुणणं. आणि मग...

"तुझ्याकडे."

दोन सीटच्या विमानात हा शब्द कुणी उगाच उच्चारत नाही. स्टिक सोडायची असेल तर म्हणायचं, 'तुझ्याकडे'. दुसरा ती धरतो आणि म्हणतो, 'माझ्याकडे'. उत्तर येईपर्यंत हात काढायचा नाही. नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा चालवतोय, आणि विमान कुणीच चालवत नसतं.

उत्तर आलं नाही.

तरी पुढच्या स्टिकची रेघ शून्यावर आली. त्याने हात काढला होता.

सत्तेचाळीस सेकंद...

विमान सरळ उडत राहिलं. मग डावीकडे वळलंसुद्धा. अगदी सफाईने.

मी मागच्या स्टिकचा आलेख उघडला. तिथे शून्य असायला हवं होतं.

रेघ वर होती.

मी हेडफोन काढले. बाहेर हँगरमध्ये पंखा फिरत होता. कुणी नव्हतं.

पुन्हा लावले. मागच्या सीटला हेडसेट जोडलेला नव्हता. अशा रिकाम्या लाइनवर नेहमी तारांची एक बारीक गुणगुण असते. त्या सत्तेचाळीस सेकंदांत... ती गुणगुणही थांबली होती. इतकी पूर्ण शांतता मी कुठल्याच यंत्रातून ऐकलेली नाही.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः मागच्या सीटपाशी चढले. पिशवीचा पट्टा स्टिकपासून वीतभर लांब होता. तारा घट्ट. सेन्सर तीनदा तपासला. चोख.

दुपारी कँटीनमध्ये दिराला गाठलं.

"काल कुणाशी बोलत होतास?"

"शिशाशी." तो हसला.

"सत्तेचाळीस सेकंद हात काढला होतास."

तो कप फिरवत राहिला. "तुझ्यापासून काही लपायचं नाही. रागावू नकोस, वहिनी... दादा असतो मागे."

मी समोर बसले.

"चार उड्डाणं झाली. वळून पाहिलं तर पिशव्याच दिसतात. पण पाठीला कळतं ना. मी दमलो की तो धरतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला सांगणारच होतो. पण म्हटलं, तुला वाटेल, याच्याकडे आला, माझ्याकडे का नाही?"

खरं सांगते. मला तेच वाटलं होतं.

सोमवारी स्पिनची चाचणी होती. विमान मुद्दाम गरगरत खाली सोडायचं आणि सावरायचं. सावरायला मोजून सहा-सात सेकंद मिळतात. तो एकटाच जाणार होता. मी हे अहवालात लिहिलं असतं तर त्याचं उडणं कायमचं बंद झालं असतं. आणि उडण्याशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

शिवाय मागे खरंच नवरा असेल, तर लिहायचं कशाला?

शनिवारी मी नवऱ्याच्या त्रेसष्ट उड्डाणांच्या रेघा काढल्या. हाताची रेघ अक्षरासारखी असते, ज्याची त्याची वेगळी. त्याच्या तळव्यांना घाम यायचा. दर दहा-बारा सेकंदांनी तो हात मांडीला पुसायचा, आणि रेघेत एक बारीक खाच पडायची. पहिल्यांदा माझा हात धरला तेव्हाही आधी तळवा पुसला होता.

त्रेसष्ट उड्डाणं. सगळीकडे त्या खाचा. मी त्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसले.

मग गुरुवारची रेघ शेजारी ठेवली.

एकही खाच नव्हती...

सत्तेचाळीस सेकंद ती पकड तसूभरही सैल झाली नव्हती.

तो नव्हता.

आधीची तीन उड्डाणं मी वरवरच पाहिली होती; तीही उघडली. दीर स्टिक परत घेताना 'माझ्याकडे' म्हणाला की मागची रेघ लगेच खाली यायला हवी. पहिल्या वेळी अर्ध्या सेकंदात आली. दुसऱ्या वेळी दीड. तिसऱ्या वेळी तीन.

गुरुवारी... पाच.

त्या पाच सेकंदांत दिराची रेघही चढत गेली होती. तो ओढत होता. मागचा हात सोडत नव्हता.

रविवारी तो नेहमीसारखा माझ्याकडे जेवायला आला. मी ताटांआधी कागद मांडले.

"हा दादाचा हात नाही."

"मेल्यावर घाम येतो का कुणाला?"

"आणि हे पाच सेकंद?"

त्याने कागद जवळ ओढला. "मला वाटलं, चेष्टा करतोय. लहानपणी सायकल सोडायचा नाही, तसा."

"उद्या सावरायला सहा-सातच सेकंद आहेत. बरं नाही म्हणून सांग."

"नाही सांगणार."

"मग मला लिहावं लागेल."

"लिही." तो न जेवता उठला. दारात थांबला. "नसेल दादा. पण कुणीतरी होतं ना, वहिनी. तुझ्या त्या खोलीत कोण असतं?"

मी लिहिलं.

त्याचं उडणं बंद झालं. दुसऱ्या गावी टेबलावरची नोकरी धरली. मी फोन केला तर उचलतो, "बरा आहे" म्हणतो आणि ठेवतो.

स्पिनची चाचणी दुसऱ्या दोघांनी केली. मागे हाडामांसाचा माणूस होता. त्याच्याच हाताची रेघ आली, बाकी काही नाही. वरिष्ठांनी माझ्या अहवालावर 'सेन्सरमधील दोष' असा शेरा मारला. सेन्सरमध्ये दोष नव्हता.

काम संपल्यावर सेन्सर काढले, विमानाला नवा रंग दिला आणि ते उड्डाण शिकवणाऱ्या शाळेला देऊन टाकलं. मीही आता तिथेच शिकवते. फळा, खडू, हवेचा दाब.

पहिल्यांदा एकटी उडून आलेली मुलं कधी कधी म्हणतात, मागे सर बसलेत असंच वाटत होतं. सगळे हसतात. तसं वाटतंच सगळ्यांना, म्हणतात. मी फक्त विचारते, त्या विमानातून गेला होतात का, आणि स्टिक कधी जड लागली का.

मुलं एकमेकांकडे बघून हसतात. बाईंचं काहीतरीच.

मागच्या आठवड्यात एक मुलगी हसली नाही.

तिने मला विचारलं, "किती वेळ धरून ठेवतो तो?"