जुळे रेणू

रेणुका ढाकणे प्रयोगशाळेत आली तेव्हा डॉ. वसुंधरा निमकर उठून उभ्या राहिल्या. तिला त्यांनीच बोलावलं होतं. रेणुकाचे वडील सोपान ढाकणे शहराच्या उन्नत रेल्वेचे चालक होते. सहा वर्षांपूर्वी कामावर येताना त्यांच्या श्वासात तंद्रक हे नशेचं द्रव्य सापडलं आणि ते बडतर्फ झाले. आपण फक्त खोकल्याचं औषध घेतलं होतं, असं ते सांगत राहिले. श्वास तपासणारं यंत्र, वस्तुमान-तुला, चुकत नाही, अशी तज्ज्ञ म्हणून साक्ष वसुंधराबाईंनी दिली होती. पुढे सोपानरावांनी घराबाहेर पडणंच सोडलं आणि दीड वर्षात ते गेले.

“मी चुकले होते,” वसुंधराबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. वस्तुमान-तुला रेणूला विद्युतभार देऊन त्याचा आयन करते, वायूवर आदळून तो फोडते आणि तुकडे तोलते. तुकड्यांच्या वजनांवरून मूळ रेणू ओळखायचा. पण काही थोड्या लोकांच्या यकृतात त्या खोकल्याच्या औषधापासून तंद्रकाचा निरुपद्रवी जुळा तयार होतो. त्याचे अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. वजन तेवढंच, आणि फुटला की तुकडेही तेच. न फोडता लांब वायुनळीतून सोडला, तरच आकारामुळे तो मागे पडतो आणि वेगळा कळतो.

“मग बाबांचा नमुना त्या नळीतून सोडा.”

“तो उरला नाही. तपासताना रेणू फुटतात. पण हा गुण आनुवंशिक असतो.”

सोपानरावांचं प्रकरण पुन्हा तपासणाऱ्या रेल्वेच्या समितीची अट अशी की आधी अधिकृत यंत्रावर रेणुकाचा श्वास दोषी ठरायला हवा, त्यानंतरच वायुनळीचा निकाल ग्राह्य. रेणुका तीन दिवस औषध प्यायली आणि तिने समितीसमोर यंत्रात फुंकलं. तंद्रक, असं यंत्राने नोंदवलं. वायुनळीने जुळा दाखवला. सोपान ढाकणे निर्दोष ठरले.

त्यानंतर समितीच्या अध्यक्षांनी दुसरी फाईल उघडली. रेणुकाचीही उन्नत रेल्वेवर चालक म्हणून निवड झाली होती. पुढच्या सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. तिने हे औषध पुन्हा कधीही घेणार नाही, असं लिहून द्यायची तयारी दाखवली. अध्यक्ष वसुंधराबाईंकडे वळले. उद्या हिने खरंच तंद्रक घेतलं आणि औषध घेतलं होतं असं सांगितलं, तर दारावरच्या यंत्राला फरक कळेल का, असं त्यांनी विचारलं.

वायुनळीला एका श्वासासाठी पाऊण तास लागत होता. रोज सकाळी अकराशे चालक दारातून आत जात.

“नाही,” वसुंधराबाई म्हणाल्या. “कळणार नाही.”

ज्याची तपासणी करता येत नाही त्याच्या हाती गाडी देता येत नाही, या नियमाने निवड रद्द झाली.

वसुंधराबाई रेणुकाच्या मागोमाग बाहेर आल्या. हे आधीच आपल्या लक्षात यायला हवं होतं, आलं असतं तर तुला फुंकू दिलं नसतं, असं काहीसं त्या बोलू लागल्या. वडील निर्दोष असल्याचा दाखला रेणुका हातात धरून होती. तिने तो पुन्हा एकदा सही-शिक्क्यापर्यंत वाचला.

“या वेळी तुम्ही बरोबर सांगितलंत, मॅडम,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.